३२ इंची टीव्हीवरचा जीएसटी कमी झालेला नाही

नागपुरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय : 'जीएसटी घटला, सगळे टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त, सीताबर्डीला जाऊन लगेच घ्या.' हे अर्धवट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवर. ३२ इंच आणि त्याहून लहान टीव्हींवर तो २०१९ पासून १८ टक्केच आहे. मोठ्या टीव्हीचीही किंमत पुरती दहा टक्के उतरत नाही. करापूर्वी २०,००० चा टीव्ही २५,६०० ऐवजी २३,६०० ला पडतो, म्हणजे आठ टक्क्यांहूनही थोडा कमीच फरक.

'एचडी रेडी म्हणजेच फुल एचडी' हे त्याच मेसेजमधलं वाक्य तर साफ चूक. एचडी रेडीत १३६६ बाय ७६८ पिक्सेल (चित्र बनवणारे ठिपके), फुल एचडीत १९२० बाय १०८०, जवळपास दुप्पट. खोक्यावरच्या लेबलवर रिझोल्यूशन, म्हणजे हा पिक्सेलचा आकडा, स्वतः वाचा. 'फोर-के सपोर्ट' (फुल एचडीहून जास्त पिक्सेलचे व्हिडिओ चालतात, एवढंच) लिहिलेल्या टीव्हीचा पडदाही एचडी रेडी असू शकतो. लहान खोलीत बातम्या, मालिका बघायला ३२ इंची एचडी रेडी खुशाल घ्या. ४३ इंची घेणार असाल तर मात्र फुल एचडीच्या खाली उतरू नका, आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्याच.