खुलासा: थर हिरवं झालं म्हणजे वाळवंट सुधारलं, असं नाही

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हवामान बदलामुळे थरचं वाळवंट हिरवं होतंय, मग काळजी कसली?’

थरमध्ये पाऊस वाढतोय, हे खरं. पण त्या हिरवाईत इंदिरा गांधी कालव्याचा आणि बोअरवेलच्या उपशाचाही मोठा वाटा आहे. आणि ‘काळजी कसली’ हे तर साफ चूक.

कोरड्या मुलखाला एकदम कोसळणारा पाऊस झेपत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये राजस्थानात, थरमधल्या बाडमेरजवळचं कवास गाव बुडालं. वाळूखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना. कित्येक महिने ते तसंच साचून राहिलं. २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांनी अरबस्तानचं वाळवंट भिजवलं. ओल्या वाळूत टोळांची अंडी उबली, पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या आणि मे २०२० मध्ये टोळधाड राजस्थानमार्गे थेट आपल्या अमरावती-नागपूरपर्यंत पोहोचली.

माळढोक या दुर्मीळ पक्ष्याचं तर फारच वाईट वाटतं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला सेवण गवताचं मोकळं रान लागतं, विलायती बाभळीची दाटी नव्हे. उपग्रहाच्या फोटोत मात्र दोन्ही हिरवंच दिसतं.

तो मेसेज आला, तर कृपया पुढे पाठवू नका.