सिकलसेलच्या गटात जाऊ नका, म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नंदुरबार-शहाद्यापासून चोपड्यापर्यंत सध्या सिकलसेलचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या आधारगटांविरुद्ध एक मेसेज फिरतो आहे. मजकूर असा : “सिकलसेलवाल्यांच्या गटात जाऊ नका. एकत्र बसून आजार पसरतो. तिथे नुसत्या गप्पा होतात आणि कॅन्सरची गोळी सुरू करतात. नाव फुटलं की पोरीचं लग्न जमत नाही. घरीच लोहाचं टॉनिक, बीट, डाळिंब द्या, सहा महिन्यांत रक्त भरतं.” धडगावकडच्या एका आईने तो वाचून मुलाची गोळी बंद केली आणि बैठकीला येणंही सोडलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

पसरण्याचं आधी मिटवू. सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आजार; तो आई आणि वडील दोघांकडून येतो, जन्माआधीच ठरतो. शेजारी बसून, एका ताटात जेवून तो होत नाही.

सगळ्यात घातक ओळ टॉनिकची आहे, कारण ती ऐकायला पटते. लोह कमी पडून रक्त कमी होतं तेव्हा लोह द्यायचं, बरोबर. सिकलसेलमध्ये कारण वेगळं आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्यासारखी वाकलेली पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. तिच्यातलं लोह अंगातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. त्यात ज्याला रक्त चढवलंय त्याच्या अंगात दर पिशवीमागे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जातं. शरीर दिवसाला जेमतेम 1 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात आणि हृदयात साचतं. अशा मुलाला वरून महिनोन्‌महिने टॉनिक पाजायचं? हो, काही रुग्णांना, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींना, लोहही कमी असू शकतं, हे मान्य. पण ते फेरिटिनच्या (अंगातल्या लोहाच्या साठ्याच्या) तपासणीवरून ठरतं, आणि ती दुखणं उठलेलं नसताना करायची, कारण दुखण्यात आणि तापात आकडा फुगतो. बीट-डाळिंब खुशाल खा. रोज लागते ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी.

आता “कॅन्सरची गोळी”. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात, एवढं खरं. सिकलसेलमध्ये ती, आपण गर्भात असताना जे हिमोग्लोबिन असतं तो प्रकार, रुग्णाच्या रक्तात वाढवते आणि पेशी वाकायचं प्रमाण घटवते. 1995 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 299 प्रौढ रुग्णांवरची चाचणी छापून आली. खोटी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण 4.5 वेळा तीव्र दुखणं उठलं, खरी घेणाऱ्यांना 2.5 वेळा. मेसेज लिहिणाऱ्याकडे याच्या तोडीचं काय आहे? गोळीला शिस्त मात्र लागते. डोस वजनावर ठरतो, सुरुवातीला बहुधा किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी. गरोदरपणात ती घेत नाहीत. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. महिनाभरात फरक दिसला नाही की घरचे गोळी बंद करतात, किंवा दुखणं थांबलं म्हणून बंद करतात. त्या महिन्यांत धीर देणारं आणि तपासणीची तारीख लक्षात ठेवणारं माणूस म्हणजे गट.

“नुसत्या गप्पा” म्हणणाऱ्याने एकदा बैठकीत बसून पाहावं. तिथे आयांना पानथरी (प्लीहा) चाचपायला शिकवतात. मूल उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायचे, डाव्या बरगडीखाली बोटं सपाट ठेवायची आणि श्वास आत घेताना काही टेकतं का पाहायचं. रोज पाहिलं की नेहमीचा आकार हाताला कळतो. एक दिवस ती अचानक मोठी लागली आणि मूल पांढरं पडलं, तर रक्त पानथरीत अडकलंय. पोटाला डाम देण्यात वेळ घालवला तर मूल हातचं जातं, तेव्हा सरळ दवाखाना. ताप 101 च्या वर गेला तरी तेच, कारण या मुलांची पानथरी जंतू अडवत नाही. पाण्याचा हिशोबही तिथेच होतो. मोठ्या माणसाने दिवसाला तीन लिटर, म्हणजे लिटरची बाटली तीनदा भरायची. दुखऱ्या जागी शेक द्यायचा, बर्फ नाही. ओपीडीच्या रांगेत हे सगळं समजावायला कुणाला वेळ असतो?

लग्नाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही गावांत बैठकीतून नावं बाहेर गेली. उपाय सोपा आहे : वही एकाच माणसाकडे, बैठकीचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. पण लपवून लग्न केलं तर काय होतं? दोघेही वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 25 टक्के. एकच वाहक असेल आणि दुसरा पूर्ण निरोगी, तर रुग्ण मूल होत नाही. आणि नुसत्या विद्राव्यता चाचणीवर (रक्ताच्या झटपट प्राथमिक चाचणीवर) वाहक की रुग्ण हे ठरवू नका. ती दोघांतही पॉझिटिव्ह येते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा कागद मागा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघणाऱ्यांनी तर गट मुळीच सोडू नये. निघण्याआधी रक्ततपासणी करून घ्या आणि पुढची तपासणी कुठे होईल ते ठरवा. तोपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिकलसेलचं कार्ड सामानात नको, खिशात ठेवा. फडावर रात्री ताप चढला तर तिथल्या डॉक्टरला आधी तेच दाखवायचं.