पहिल्या पसंतीला ‘मिळणारं’ नाही, हवं ते कॉलेज टाका

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिल्या पसंतीला मोठं कॉलेज टाकू नका. ज्यांनी एखादं कॉलेज पहिलं टाकलंय त्यांनाच कंप्युटर आधी जागा देतो. तुमची पहिली पसंती हुकली की दुसऱ्या कॉलेजच्या जागाही तोवर संपलेल्या असतात. म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ बघून ‘नक्की मिळेल’ तेच वर टाका. सोबत आणखी दोन सल्ले असतात: पर्याय कमीच भरा आणि फॉर्म पहिल्याच दिवशी भरा.

फॉर्म भरायला मदत मागणाऱ्या मुलांसोबत मी दरवर्षी बसते. ज्या घरात याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तिथली मुलं या मेसेजवर सगळ्यात आधी विश्वास ठेवतात. त्यामुळे त्यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी मुख्य दावा. समजा, ‘ब’ कॉलेजात सायन्सची एकच जागा उरली आहे. ८८ टक्केवाल्या मुलानं ‘ब’ पहिलं टाकलंय. ९१ टक्केवाल्या मुलीनं ‘अ’ पहिलं आणि ‘ब’ दुसरं टाकलंय. ‘अ’ ९३ टक्क्यांवर बंद झालं. मग ‘ब’ची जागा कुणाची? मेसेज म्हणतो मुलाची, पण ती मुलीलाच मिळते. जागावाटप गुणवत्ता यादीतून वरून खाली होतं. मुलीचा नंबर आला की तिची यादी पहिल्या पसंतीपासून वाचली जाते आणि जिथे जागा शिल्लक आहे ते पहिलं कॉलेज तिला मिळतं. मुलाचा नंबर त्यानंतर येतो. त्यानं ‘ब’ कितव्या क्रमांकावर लिहिलं होतं, याचा तिच्या जागेशी संबंधच येत नाही. आरक्षणाच्या जागांसाठी प्रवर्गानुसार हिशोब होतो आणि इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या) किंवा अल्पसंख्याक कोट्याचं गणित वेगळं असतं, पण म्हणून वर मोठं कॉलेज लिहिलं की खालचं हातचं जातं, असं होत नाही.

मेसेजमधली भीती मात्र अगदीच हवेतली नाही. तशी पद्धत खरोखर होती, अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी शाळांत. तिथे आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या बघून जागा कायमच्या देऊन टाकत, मग उरलेल्या जागांवर दुसऱ्या पसंत्या. तिथे ८८ टक्केवाला मुलगा खरंच आधी बसला असता. त्यामुळे जाणकार पालक डावपेच लढवून यादी भरत आणि ज्यांना कुणी सांगणारं नव्हतं ती मुलं मागे राहत. बोस्टननं ती पद्धत २००५ मध्ये सोडली आणि डेव्हिड गेल व लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रीतीवर आधारलेली पद्धत घेतली. तिचा गाभा एवढाच की शेवटपर्यंत कुणाचीच जागा पक्की धरायची नाही. वरच्या कॉलेजनं नाकारलेला विद्यार्थी पुढच्या पसंतीकडे आला आणि त्याचा क्रम वरचा असला, तर आधी बसलेल्याला उठून आपल्या पुढच्या पसंतीकडे जावं लागतं. या रीतीत खोटी यादी भरून विद्यार्थ्याचा फायदा होऊ शकत नाही, हे पुढे गणितानं सिद्ध झालं. शॅपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते या विषयातल्या कामासाठी. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटीच्या जागा २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप यंत्रणेमार्फत एकत्र वाटल्या जातात, त्याही याच रीतीनं. आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्डचा क्रम आणि एनआयटीला जेईई मेनचा, अशा वेगवेगळ्या याद्या असल्यानं तिथे ही उठबस प्रत्यक्ष करावी लागते. सगळ्या कॉलेजांना गुणांची एकच यादी लागू असेल, तर ही रीत वर सांगितलेल्या सरळ वाटपावरच येते.

पर्याय कमी भरण्याचा सल्ला तर धोकादायकच आहे. यादी लांब असली म्हणून कंप्युटर तळाचं कॉलेज देत नाही. वरची सगळी हुकली तरच तो खाली येतो, आणि खाली काहीच लिहिलेलं नसेल तर त्या फेरीत हाती काहीच लागत नाही. अकरावीला १० पसंत्यांची मर्यादा आहे. त्यामुळे कुठली १० हा विचार करावा लागतो, आणि त्यात शेवटी एक-दोन खात्रीची कॉलेजं हवीतच. मागच्या वर्षीचा कटऑफ कामाला येतो तो इथे. निवडलेल्या दहांचा क्रम मात्र मनातलाच ठेवायचा.

पहिल्या दिवसाची घाई कशासाठी? मुदतीच्या आत भरलेले सगळे फॉर्म सारखेच. काही वर्षांपूर्वी शेवटच्या टप्प्यात ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी फेरी असायची, तिच्या आठवणीतून हा सल्ला आला असावा.

आता एक नियम, ज्याबद्दल हा मेसेज गप्प आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. आता मेसेज ऐकून फॉर्म भरणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला माटुंग्याचं कॉलेज हवंय, गुणही तिथे पोचणारे आहेत, पण भीतीपोटी तिनं घराजवळचं ‘सेफ’ कॉलेज वर टाकलं. ते लगेच मिळालं. आता ते नाकारायचं तर पुढच्या फेऱ्या बंद, आणि माटुंग्यात तिच्याहून कमी गुणांची मुलं बसलेली. कंप्युटरनं तिच्यावर अन्याय केला नाही, तिनं लिहिलं तेच तिला दिलं. म्हणजे हा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो मुलांचे स्वतःचे गुण वाया घालवतो.

विचार करायचाच तर तो दुसरीकडे करा. बदलापूरहून रोज लोकलचा प्रवास झेपेल का, फी परवडेल का, प्रॅक्टिकलं नीट होतात का, हे कंप्युटरला कळत नाही, ते यादीतूनच सांगावं लागतं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीतलं कॉलेज मिळालं तर ते घ्यायचं की पुढच्या फेरीची वाट पाहायची, हा निर्णय खरोखर अवघड आहे. वाट पाहिली तर हातातली जागा जाते.

न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशात विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं जातं की शाळा तुमच्या खऱ्या पसंतीच्या क्रमानं लिहा. आपल्याकडच्या शिक्षण विभागानंही अकरावीच्या पोर्टलवर, पसंतीक्रमाच्या रकान्याच्या अगदी वर, हेच एक वाक्य ठळक मराठीत छापावं. फॉर्म भरताना सायबर कॅफेत एकट्या बसलेल्या मुलाला ते तिथेच दिसायला हवं.