‘कान सरावतात’ म्हणे!

गेल्या आठवड्यात तो मेसेज काकांच्या फोनवर पोचला आणि त्यांचं कानाचं मशीन डबीत गेलं ते गेलंच. काकांची उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावायला त्यांना राजी करता करता घरातल्या सगळ्यांचे घसे बसले होते, आणि ‘सर्वांना पाठवा, कुणाचं तरी भलं होईल’ अशी शेपटी लावलेल्या एका मेसेजनं त्यावर पाणी फिरवलं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : कारखान्यातल्या आवाजानं कान बिघडत नाही, काही वर्षांत तो सरावतो आणि घट्ट होतो. थोडं कमी ऐकू आलं तरी मशीन लावू नये, कान आळशी होतो. रोज रात्री कानात कोमट तेल घातलं की सुकलेल्या नसा जिवंत होतात. कानात शिट्टी वाजत असेल तर ती नसा जाग्या होत असल्याची खूण. कामावर कापसाचे बोळे पुरेत. आणि घरच्यांनी जरा मोठ्यानं बोललं की झालं.

सर्वांत घातक वाक्य पहिलंच आहे. त्यात एक खरं निरीक्षण दडलेलं आहे, म्हणून ते पटतं. शेडमध्ये नव्यानं आलेल्या माणसाचं डोकं पहिले काही दिवस भणभणतं. शिफ्ट सुटल्यावर कानांना दडा बसतो, सकाळपर्यंत तो उतरतो. पुढे हळूहळू हा त्रास जाणवेनासा होतो आणि जुने कामगार म्हणतात, ‘सरावला गडी.’ सरावतं ते मन. कानाचं काय होतं ते वेगळं आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात जन्माच्या वेळी आवाज टिपणाऱ्या सुमारे 15,000 केशपेशी असतात आणि तेवढ्यांवरच जन्म काढायचा असतो. मोठ्या आवाजानं त्या आधी थकतात. दडा बसतो तो त्यामुळे. रोज रोज तेच झालं की त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे 1988 साली संशोधकांनी दाखवलं. आपल्याला पंख नाहीत तसं हेही नाही. तेव्हा दडा बसायचा थांबला याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो, की कमी ऐकू येणं आता कायमचं झालंय आणि त्यावरचा नवा दडा कळतच नाही.

रात्रीत दडा उतरला म्हणजे सगळं जागेवर आलं, हेही धरून चालू नये. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला होता. काही दिवसांनी त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत आली, पण काही भागांत केशपेशी आणि नस यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेलेले सापडले. उंदरांवरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा चिकटवू नये, मान्य. तरी ‘सकाळी मोकळं वाटतं’ हा काही पुरावा नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

पण उंदीर राहू देत. थेट माणसांवरचा पुरावा 1886 सालापासून आपल्यासमोर आहे. ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासले. बॉयलरच्या पोटात उभं राहून रिव्हेट धरायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं हातोडा घालायचा, असं ते काम. तुलनेसाठी त्यांनी ओतकाम करणारे कामगार आणि पोस्टमनही तपासले. बॉयलरवाल्या शंभरांत एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. कान सरावायचाच असता तर सगळ्यांत आधी या लोकांचा सरावला असता. मेसेज लिहिणाऱ्यानं या शंभरांपैकी एक तरी घट्ट झालेला कान दाखवावा.

आकड्यांचंही एकदा उरकून टाकतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं 1998 साली सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो : 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. त्यांच्याच हिशेबानं 40 वर्षं 90 डेसिबलमध्ये काम केलं तर शंभरातल्या सुमारे 25 जणांना निव्वळ कामापायी बहिरेपण येतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तुम्ही 85 च्या पुढे आहात असं खुशाल समजा, मीटर लागत नाही.

आता नाइलाजानं दोन गोष्टी कबूल करतो. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीकसा स्नायू आवळतो आणि थोडं संरक्षण देतो, हे खरं आहे. पण तो आवळेपर्यंत हातोड्याचा घाव आत पोचलेला असतो. शिवाय तो मुख्यतः खर्जातले आवाज अडवतो, आणि आवाज चालूच राहिला तर थकतो. दुसरी गोष्ट, गोंगाटातून बाहेर पडल्यावर या प्रकारचं बहिरेपण सहसा आपणहून वाढत नाही. वय त्यात भर घालतं, ते वेगळं.

मशीननं कान आळशी होतो, हा काकांना पटलेला मुद्दा. तो नेमका उलटा आहे. 1984 साली काही संशोधकांनी दोन्ही कानांनी सारखंच कमी ऐकू येणाऱ्या पुरुषांचे जुने-नवे रिपोर्ट ताडून पाहिले. ज्यांना एकाच कानाला मशीन दिलं होतं, त्यांची शब्द ओळखायची क्षमता चार-पाच वर्षांत घसरली, आणि घसरली ती मशीन नसलेल्या कानाची. दोन्ही कानांना मशीन असलेल्यांत असं झालं नाही. म्हणजे सुस्तावला तो उपाशी ठेवलेला कान. मशीन काढल्यावर पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतं असं वाटतं खरं, पण तो आधी काय काय निसटत होतं हे आता कळू लागल्याचा परिणाम.

मशीन लावलं की कान पहिल्यासारखा होतो असं मात्र मी म्हणणार नाही. गर्दीत ते गोंगाटही वाढवतं. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज आणि कागदाची चुरचुर नकोशी होते. सेटिंग चुकलं असेल तर डोकं उठतं. अशा वेळी परत जाऊन सेटिंग बदलून घ्यायचं असतं, दोन-तीन फेऱ्या लागल्या तरी.

मोठ्यानं बोला, हा सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? गोंगाटानं जाणारं ऐकणं आधी 4000 हर्ट्झच्या आसपास जातं. मराठीतले स, श, च, फ यांसारखे बारीक वर्ण ओळखायला लागणारा बराचसा आवाज त्याच वरच्या पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. साठ, पाठ, काठ, तिन्ही ‘आठ’ होऊन पोचतात. ओरडल्यानं ‘आ’ मोठा होतो, ‘स’ जिथल्या तिथे. वर अशा कानात ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्यामधलं अंतर आक्रसलेलं असतं. ‘काय म्हणालास?’ आणि ‘ओरडतोस कशाला?’ ही वाक्यं एकाच मिनिटात येतात ती म्हणून. माणूस विक्षिप्त झालेला नसतो, आणि ‘हवं तेवढंच ऐकू येतं यांना’ हा घरोघरचा टोमणा तर साफ अन्याय आहे.

लँकेशायरच्या कापड गिरण्यांत बायका मागांच्या आवाजावर ओरडत बसत नसत. ओठांच्या ठळक हालचाली आणि हातवारे यांवर त्या अख्खी संभाषणं करत. ओठ वाचण्याची ही युक्ती घरातही चालते : समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, एकानं एका वेळी बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा आदळण्यापेक्षा शब्द बदलून सांगा.

शिट्टीबद्दल फार लिहीत नाही. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू स्वतःच आतला आवाज वाढवतो, असं तिचं सध्या सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. नसा जाग्या होण्याशी संबंध शून्य. ती घालवणारी गोळी नाही, पण समुपदेशनानं तिचा जाच कमी होतो, आणि रात्री खोलीत मंद आवाज ठेवल्यानं बरं वाटतं. एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

तेल. पडद्याच्या अलीकडे पडलेलं तेल पलीकडच्या हाडात दडलेल्या आतल्या कानापर्यंत जातच नाही. पडद्याला भोक असेल तर जातं ते मधल्या कानात, आणि तिथे घाण करतं. ‘मला गुण आला’ म्हणणारे भेटतात, कारण तेलानं मळ मऊ होऊन निघतो आणि दडा मळाचाच असेल तर तो सुटतो. त्यात नसांचा काय संबंध? पण खरी भीती वेगळी आहे. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक एक कान गेला तर ती तातडीची बाब असते. त्यावर स्टिरॉइड देतात, ती जितक्या लवकर तितकी बरी, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर फायद्याची आशा फार कमी होते. ते दिवस तेलाच्या वाटीत घालवायला सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

कापूस जेमतेम काही डेसिबल अडवतो. फोमचा प्लग वापरावा : बोटांत पिळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. तोही पूर्ण वेळ हवा. 30 डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांत अर्धा तास काढून ठेवला तर दिवसभराचं सरासरी संरक्षण 12 डेसिबलवर येतं. अजून कामावर असलेल्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्यावी, पण त्याआधी 14 तास गोंगाटापासून लांब राहावं, नाहीतर दडा बसलेल्या कानाचीच मोजणी होते. आलेखात 4000 हर्ट्झजवळ पडणारा खड्डा बोलणं कळेनासं व्हायच्या कितीतरी आधी दिसू लागतो. तेव्हा ‘मला तर सगळं नीट ऐकू येतं’ असं छातीठोक सांगणाऱ्यानं ती चाचणी आधी करावी.