जुनी थर्मल पेस्ट, पेट्रोल आणि ब्लेड : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळ्याची चाहूल लागली की मराठवाड्यातील ई-सेवा केंद्रचालक, झेरॉक्सवाले आणि संगणक दुरुस्ती करणारे यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : संगणक तापून बंद पडतो, कारण प्रोसेसर आणि त्याची उष्णता हवेत सोडणारा हीटसिंक (पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती दर महिन्याला बदलावी, जुनी पेस्ट पेट्रोलने किंवा सॅनिटायझरने पुसावी, घट्ट बसली असेल तर ब्लेडने खरवडावी, आणि थोडीफार राहिलीच तर तिच्यावरच नवी लावावी, त्याने फरक पडत नाही. संदेश सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, परंतु यातील जवळजवळ प्रत्येक सूचना तपासून पाहिली पाहिजे.

प्रथम निदानाविषयी. हीटसिंक कितीही उत्तम असला तरी तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवेच्या तापमानावर त्याची काही अंशांची भर पडतेच. जानेवारीत २७ अंशांच्या खोलीत ६० अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत, त्याच कामावर आणि पंख्याच्या त्याच वेगाला, साधारण ७५ अंश दाखवणार. ही १५ अंशांची वाढ ऋतूची आहे, पेस्टची नव्हे. दुसरा संशयित म्हणजे धूळ. परभणी-जालन्याकडे कापसाचे तंतू हवेत असतात आणि त्यातच पाण्याचा कूलर थेट संगणकाच्या तोंडावर लावलेला असतो. त्या ओलसर हवेत धूळ आणि तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटून त्यांचा अक्षरशः नमदा होतो. कॅबिनेट उघडून पंखा बोटाने धरावा, म्हणजे तो हवेच्या झोताने भरधाव फिरणार नाही, आणि ब्लोअरने किंवा ब्रशने हा नमदा काढावा. पुष्कळदा काम एवढ्यावरच भागते आणि पेस्टला हात लावण्याची वेळ येत नाही. चांगली पेस्ट काही वर्षे टिकते. ती दर महिन्याला बदलणे म्हणजे दर महिन्याला प्रोसेसर धोक्यात घालणे होय.

आता जुन्या पेस्टवर नवी लावण्याचा सल्ला. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजली तर हवेची सुमारे ०.०२६, ॲल्युमिनियमची सुमारे २३७ आणि तांब्याची सुमारे ४०० भरते. बहुतेक पेस्टची मात्र एक अंकी. याचा अर्थ पेस्ट ही हवेपेक्षा कितीतरी चांगली, परंतु धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे, म्हणून ती फटी भरण्यापुरतीच असावी लागते. वाळलेल्या पेस्टमधील तेलकट अंश बाजूला सरकलेला असतो आणि मागे भुकटीचे कडक खडे उरतात. त्यांच्यावर नवी पेस्ट दाबली की थर जाड होतो आणि खड्यांच्या आडोशाला हवा अडकते. त्यामुळे फरक पडत नाही हे विधान चुकीचेच ठरते.

पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला हवी : पेस्टमधील सिलिकॉन तेल ते चांगलेच सैल करते. परंतु त्यातील सगळेच घटक सारख्या वेगाने उडत नाहीत, मागे पातळ थर राहू शकतो. आणि मे महिन्यात, शेजारी इन्व्हर्टर सुरू असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात पेट्रोलची उघडी बाटली ठेवणे हा निव्वळ अविचार आहे. सॅनिटायझरची अडचण वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित कृतीतसुद्धा हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरीन असते, आणि बाजारातील जेलमध्ये घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. स्टीलच्या ताटलीवर जेलचा एक थेंब वाळू द्यावा आणि मग बोट फिरवून पाहावे. जो चिकटपणा लागेल तोच प्रोसेसरवर उरतो. यासाठी योग्य द्रव म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचे. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या परिसरात मोबाइलची दुकाने आहेत, तिथे विचारावे. तेही ज्वालाग्राही आहेच, म्हणून वीज बंद करून, खिडकी उघडून, आणि द्रव बोर्डावर न ओतता कापडावर घेऊन वापरावे. चष्मा पुसण्याचे मऊ कापड उत्तम. कापसाचा बोळा तंतू सोडतो. पुसताना कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे सुटलेल्या पेस्टचा चिखल सॉकेटकडे, म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिच्याकडे, ढकलला जात नाही.

ब्लेडविषयी मी थोडा सौम्य आहे. बारीक ओरखडे पेस्ट भरून काढते, त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. खरा धोका ब्लेड निसटण्याचा आहे : लॅपटॉपमध्ये सिलिकॉनची चिप उघडीच असते आणि तिच्याभोवती मोहरीहून लहान घटक सोल्डर केलेले असतात, त्यांतील एक उडाला की बोर्ड गेला. सिमकार्ड ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून तोडून काढतो, तिची कड या कामाला पुरेशी आहे. आयपीएने भिजलेले कापड दोनतीन मिनिटे पेस्टवर ठेवले की कडक थरही सुटतो.

संदेशात जे सांगितलेलेच नाही, ते सर्वांत महाग पडते. एएमडी या कंपनीच्या एएम४ प्रकारच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरला खालून १,३३१ पिना असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी चौकट नसते. वाळलेल्या पेस्टने हीटसिंक चिकटला असेल आणि तो सरळ वर ओढला, तर सॉकेटची कडी लावलेली असतानाही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणकाला दहा मिनिटे जड काम द्यावे, पेस्ट कोमट झाली की तो बंद करून प्लग काढावा, स्क्रू किंवा क्लिप सोडवावी आणि हीटसिंक हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटू द्यावा. एवढे करूनही एखादी पीन वाकलीच, तर ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलीतून शिसे काढून टाकावे, तिची पोकळ नळी पिनेवर चढवावी आणि पीन शेजारच्या रांगेशी जुळेपर्यंत अगदी थोडी थोडी सरळ करावी.