कॅज्युअल्टीतलं ते एक वाक्य

दोन वर्षांआधी, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत, माझ्या आतेभावानं जीव द्यायचा प्रयत्न केला. १०८ नं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तो शुद्धीवर होता. सलाईन लावता लावता सिस्टर म्हणाल्या, "मराचंच होतं त इथं कायले आनलं याले?" मागून वॉर्डबॉय, "ह्यायचं रोजचंच हाये."

त्याचा जीव त्याच सिस्टरनी वाचवला. रात्रभर त्या टेकल्या नाहीत. अख्ख्या दवाखान्याला एक डॉक्टर, शेजारच्या खाटेवर साप चावलेली बाई, बाहेर अडलेली बाळंतीण. रोज हेच पाहून माणूस निबर होतो, मला समजतं. पण किती सलाईन लागल्या ते भावाला आठवत नाही, ते वाक्य मात्र पाठ आहे. अशा पेशंटशी काय बोलता, तोही उपचारच असतो, असं माझं ठाम मत झालंय.

मग एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, कागद आला. पोलिसांचं नाव ऐकताच आत्या हात जोडून म्हणाली, "चुकून झालं जी साहेब." गावोगावचे नातेवाईक केसच्या भीतीनं असंच सांगतात. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की उलट सिद्ध होत नाही तोवर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, आणि त्याचे उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही. हे आत्याला कोणी सांगितलं असतं तर ती डॉक्टरांशी खरं बोलली असती.

चौथ्या दिवशी सुट्टी झाली. कागदावर गोळ्या होत्या, मानसोपचाराचा उल्लेखही नव्हता. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढे मोठा धोका असतो, हे डॉक्टर मंडळींना कोणी सांगायला नको. २००८ साली एक अभ्यास छापून आला. पाच देशांतले १,८६७ रुग्ण, त्यात आपलं चेन्नईही. नेहमीच्या उपचारांसोबतच निम्म्यांशी तासभर बोलले आणि दीड वर्षात नऊदा विचारपूस केली, बस. त्या गटात आत्महत्येनं फार कमी लोक गेले.

यंदा पोळ्याच्या आधी भावाची झोप पुन्हा उडाली. जिल्ह्याला मानसोपचाराची ओपीडी आहे, चल म्हटलं. तो म्हणाला, "नाही दादा, तिथं अजून तसंच बोलतीन." त्याला एसटीत बसवायला मला तीन आठवडे लागले.

कोणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.