‘नाळेच्या स्टेम सेलने पार्किन्सन बरा’ : हा संदेश कुठे कुठे चुकतो

पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी म्हणून एक संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मराठी गटांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक चेतापेशीत फक्त तिचीच जनुकं असतात, स्टेम सेलमध्ये मात्र सगळी असतात, म्हणून ती कोरी पाटी. नाळेतल्या स्टेम सेल शिरेतून दिल्या की त्या मेंदूत जाऊन हवी ती पेशी बनतात. आणि जपानने हे सिद्ध केलं आहे.

पहिलंच वाक्य चूक आहे. २००४ साली उंदराच्या वास ओळखणाऱ्या चेतापेशीचं केंद्रक अंड्यात बसवलं गेलं आणि त्यातून पुढे अख्खे उंदीर जन्मले. म्हणजे त्या पेशीत सगळी जनुकं शाबूत होती. फरक असतो तो कोणतं जनुक उघडं आणि कोणतं मिटलेलं यात. मेंदूच्या बाह्यकातलं (बाहेरच्या थरातलं) सॅटबी२ हे प्रथिन सीटिप२ या जनुकाला गप्प ठेवतं, तेव्हा त्या पेशीचा तंतू मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे जातो. सॅटबी२ काढून टाकलं की अशाच पेशींचे तंतू खालची वाट धरतात.

‘कोरी पाटी’ हा शब्द सर्वांत जास्त दिशाभूल करतो. केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीच्या गर्भात ७-१ नावाची एक मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असते. ती ठरल्या क्रमाने यू१ ते यू५ अशा पाच चेतापेशी देते. तिच्यात हंचबॅक, क्रुपेल, पीडीएम आणि कॅस्टर ही जनुकं पाळीपाळीने चालू होतात : हंचबॅक चालू असताना यू१ आणि यू२ जन्मतात, क्रुपेलच्या वेळी यू३, पीडीएमच्या वेळी यू४, आणि पीडीएमसोबत कॅस्टर आलं की यू५. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन अखंड चालतं, पण गाणारी मंडळी बदलत जातात. इथेही विभाजन चालूच राहतं, पाळी बदलते. हंचबॅक बंद होऊच दिलं नाही तर यू१सारख्याच पेशी निघत राहतात. पण पाचेक विभाजनं उलटल्यावर तेच हंचबॅक पुन्हा चालू केलं, तर मूळपेशी दाद देत नाही, कारण तोवर हंचबॅकचं जनुक केंद्रकाच्या कडेला सरकून बंदिस्त झालेलं असतं. जिला स्वतःचाच जुना हुकूम ऐकू येत नाही, ती पाटी कोरी कशी?

आता शिरेतून देण्याबद्दल. नाळेतल्या ज्या पेशी सहसा दिल्या जातात त्या हाड, कूर्चा, चरबी यांच्या कुळातल्या. शिरेतून गेल्यावर त्यातल्या बहुतेक फुप्फुसांत अडकतात. पार्किन्सनमध्ये मरतात त्या मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी. दिलेल्या पेशी मेंदूत पोचल्या असं धरलं तरी अशी डोपामिनची पेशी व्हायला लागणारे हुकूम प्रौढ मेंदूत त्यांना कोण देणार? प्रयोगशाळेत हे हुकूम हाताने द्यावे लागतात. आधी दोन अवरोधक (पेशीतले ठरावीक संकेत रोखणारी रसायनं) देऊन पेशी चेतासंस्थेच्या वाटेवर आणतात, मग सॉनिक हेजहॉग या प्रथिनाने तिला पोटाकडची बाजू सांगतात आणि सीएचआयआर या रसायनाने मध्यमेंदूची जागा. सीएचआयआर कमी पडलं तर पुढच्या मेंदूच्या पेशी होतात, जास्त झालं तर मागच्या. फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए ही दोन्ही प्रथिनं एकाच पेशीत दिसले तरच गाडी रुळावर आहे असं धरतात.

जपानचा दाखलाही अर्धाच दिला आहे. क्योटोतली चाचणी २०१८ साली सुरू झाली, ७ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्या पेशी नाळेतल्या नव्हत्या. आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी प्रयोगशाळेत पुन्हा आरंभीच्या अवस्थेत नेऊन केलेल्या स्टेम सेलपासून) वरच्यासारख्या टप्प्यांनी घडवलेल्या, कोरिन या खुणेवरून निवडून घेतलेल्या, डोपामिन पेशींच्या पूर्वपेशी होत्या. त्या शस्त्रक्रियेने थेट मेंदूत सोडल्या आणि रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. ही निवड इतकी कडक का, ते २००९ मध्ये नोंदलेल्या एका घटनेवरून कळतं : गर्भाच्या चेता-मूळपेशी टोचलेल्या एका मुलाच्या मेंदूत दात्याच्या पेशींपासूनच गाठ झाली होती.

घरातलं सोनं गहाण ठेवून कुणी हे इंजेक्शन घ्यायला निघालं असेल, तर आधी एवढं करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पार्किन्सनसाठी स्टेम सेल केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. चाचणीचा ‘सीटीआरआय’ने (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा, त्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा, आणि तो कागद घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मेंदूविकार विभागात दाखवा. क्रमांक मिळाला नाही, तर आगाऊ रक्कम भरू नका.